पाच सिटिंगचा शेक आणि पंधरा वर्षांचा हिशेब

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला असून तो हाडांपर्यंत पोहोचला आहे, ही बातमी मे २०२५ मध्ये आली. त्या दिवशी बेळगावजवळच्या येळ्ळूरला राहणाऱ्या माझ्या मामांनी वर्तमानपत्राची घडी घालून ते बाजूला ठेवले आणि "एवढ्या मोठ्या माणसाला वेळेत कळलं नाही, मग आमचं काय घेऊन बसलास," असे म्हणून ते आत निघून गेले. त्यांचा स्वतःचा बायोप्सीचा अहवाल त्याच आठवड्यात हाती आला होता. आजाराचे नाव तेच होते, पण मामांचा रोग ग्रंथीच्या आतच होता. या एका फरकामुळे पुढचे सगळे गणित बदलते, हे त्यांना पटवून देण्यात माझे पुढचे दोन महिने गेले. डॉक्टरांनी सुचवलेला उपचार, म्हणजे नेमका किरणोपचार आणि तोही केवळ पाच वेळा, त्यांना पटवणे तर त्याहून कठीण गेले. मामांनी उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीनवर पस्तीस वर्षे काढलेली आहेत. "पाच दिवसांत संपतं म्हणजे काहीतरी अर्धवटच असणार की," हा त्यांचा आक्षेप होता. तो आक्षेप मला रास्त वाटला, आणि त्याचे उत्तर शोधताना जे समजले ते येथे मांडतो आहे.

ग्रंथी, आकडा आणि गुण

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेला वेढून बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी आहे. तिच्या पुढे-वर मूत्राशय आणि पाठीमागे अगदी चिकटून गुदाशय असतो. ही शेजाऱ्यांची दाटी लक्षात ठेवावी, कारण उपचाराचे बहुतेक सगळे त्रास या शेजाऱ्यांनाच होतात.

ही ग्रंथी एक प्रथिन तयार करते आणि त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो. त्याच्या मोजमापाला पीएसए म्हणतात. साधारणपणे ४ च्या वर आकडा गेला की डॉक्टर सावध होतात. मात्र वयानुसार वाढलेली साधी ग्रंथी किंवा लघवीतला जंतुसंसर्ग यांमुळेही हा आकडा चढतो, त्यामुळे पीएसए वाढला म्हणजे कर्करोगच झाला असे नव्हे. खरा निर्णय एमआरआय आणि बायोप्सीवर होतो. बायोप्सीच्या अहवालात, पेशी किती बिघडल्या आहेत हे सांगणारा 'ग्लीसन' नावाचा गुण दिलेला असतो आणि तोच घराघरांत घबराट उडवतो. दहापैकी सहा वाचले की माणसाला वाटते, अर्धी वाट संपली. प्रत्यक्षात कर्करोगाच्या अहवालात ६ हाच व्यवहारातला सर्वांत कमी गुण असतो, म्हणजे मोजपट्टी तिथूनच सुरू होते. (ही असली मोजपट्टी कोणी आखली असेल, असे मामांनी विचारले. निदान त्यांना ड्रॉइंग वाचायची सवय तरी होती.) मामांचा पीएसए ८.६ आणि ग्लीसन ३+४, म्हणजे ७ होता. रोग ग्रंथीबाहेर गेलेला नव्हता. यालाच 'स्थानिक' कर्करोग म्हणतात, आणि या लेखातले सारे आकडे अशाच रुग्णांचे आहेत. हाडांत उतरलेल्या आजाराला ते लागू पडत नाहीत.

'शेक' या शब्दाने केलेला घोटाळा

आपल्याकडे किरणोपचाराला कोणी शेक म्हणतात, कोणी लाईट, कोणी करंट. तिन्ही शब्द दिशाभूल करणारे आहेत, आणि शेक तर सर्वांत जास्त, कारण त्यातून भाजणे आणि पोळणे सुचते. प्रत्यक्षात रुग्णाला ऊबसुद्धा जाणवत नाही. लिनॅक नावाच्या यंत्रातून निघणारे क्ष-किरण अतिशय शक्तिशाली असतात. ते पेशीत शिरून तिच्या केंद्रकातल्या डीएनएचे धागे तोडतात. निरोगी पेशी हे तुटलेले धागे बऱ्यापैकी सांधून घेते. कर्करोगाच्या पेशीला ते तितके जमत नाही, आणि पुढच्या वेळी विभागण्याचा प्रयत्न करताना ती मरते. म्हणजे मृत्यू त्या दिवशी होत नाही, नंतर होतो.

प्रोस्टेटच्या पेशी अतिशय सावकाश विभागतात, त्यामुळे किरणोपचारानंतर पीएसए हळूहळू, महिनोन्महिने, कधी दोन-तीन वर्षे उतरत राहतो. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत आकडा शून्याच्या जवळ जातो, कारण ग्रंथीच काढून टाकलेली असते. हा फरक कोणी आधी सांगितला नाही, तर किरणोपचार घेतलेला माणूस शेजारच्याचा शून्य पाहून आपला उपचार फसला असे समजून बसतो.

हलणारा जॉब

'नेमका' किरणोपचार म्हणजे काय, हे मामांना समजले ते त्यांच्याच धंद्यातून. जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, फिक्श्चरच्या पकडीत पक्का बसवला, की हत्यार कितीही वेळा त्याच जागी येते. माणसाचे शरीर टेबलावर असे पकडता येते. साच्यात पाय ठेवता येतात, कातडीवर खुणा करता येतात. पण प्रोस्टेट हा शरीराच्या आत हलणारा जॉब आहे. मूत्राशय भरले, आतड्यात वायू साचला, की ग्रंथी काही मिलिमीटर सरकते. जुन्या काळी यावर एकच तोड होती, ती म्हणजे चारी बाजूंनी ऐसपैस जागा सोडून किरण देणे. त्यात गुदाशयाचा आणि मूत्राशयाचा बराच भाग सापडत असे, आणि त्यांना सोसवेल एवढाच डोस देता येत असल्यामुळे रोगालाही तो कमी पडत असे.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे किरणांना आकार देता येऊ लागला. यंत्राच्या तोंडाशी टंगस्टन धातूच्या पातळ पट्ट्यांच्या रांगा असतात. प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे पुढे-मागे सरकते, आणि यंत्र रुग्णाभोवती फिरत असताना त्या पट्ट्या क्षणोक्षणी ग्रंथीच्या आकाराची खिडकी उघडत जातात. घटप्रभेच्या कालव्यावर ज्याने पाळीचे पाणी धरले आहे, त्याला यातले मर्म चटकन कळेल, कारण दार कुठे उघडायचे आणि कुठे दाबायचे यावरच कोणत्या सरीला पाणी मिळते हे ठरते. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक वेळी किरण देण्याआधी ग्रंथी आज नेमकी कुठे आहे हे पाहता येऊ लागले. त्यासाठी कित्येकदा ग्रंथीत तांदळाच्या दाण्याहूनही बारीक सोन्याच्या खुणा बसवतात आणि यंत्रावरच स्कॅन घेऊन टेबल मिलिमीटरच्या हिशेबात सरकवतात.

तरीही रुग्णाने करायचे काम उरतेच. गुदाशय रिकामे हवे आणि मूत्राशय ठरलेल्या मापाने भरलेले हवे, कारण भरलेले मूत्राशय आतड्यांना वर ढकलते आणि त्याचा स्वतःचा वरचा भागही किरणांपासून दूर राहतो. मामा पहिल्या दिवशी घरून निघतानाच पाणी पिऊन बसले. रुग्णालयात पोहोचल्यावर कळले की आधीच्या रुग्णाला वेळ लागतो आहे. व्हरांड्यातल्या बाकावर गुडघे जुळवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे एकटक पाहत त्यांनी काढलेली ती वीस मिनिटे, हाच त्यांच्या संपूर्ण उपचारातला सर्वांत कठीण भाग होता, असे ते आजही सांगतात. शेवटी त्यांना उठावे लागले आणि पुन्हा पाणी पिऊन तासभर थांबावे लागले. दुसऱ्या दिवसापासून पाण्याची बाटली आणि वेळ, दोन्ही तिथल्या तंत्रज्ञाच्या हाती गेले.

अचूकता वाढली की काय मिळते, याचा एक चांगला पुरावा अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे झालेल्या 'मिराज' या अभ्यासातून मिळतो. एका गटात सीटी स्कॅनच्या आधारे, ग्रंथीभोवती ४ मिलिमीटर जागा सोडून किरण दिले. दुसऱ्या गटात यंत्रालाच जोडलेल्या एमआरआयवर ग्रंथी पाहत ही जागा २ मिलिमीटरवर आणली. उपचारानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत लघवीचे मध्यम किंवा अधिक त्रास पहिल्या गटात ४३ टक्के पुरुषांना झाले, तर दुसऱ्या गटात २४ टक्क्यांना. दोन मिलिमीटरची किंमत मामांना समजावून सांगावी लागली नाही.

एकोणचाळीस फेऱ्या आणि पाच फेऱ्या

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. किरणांचे माप 'ग्रे' या एककात करतात, आणि जुन्या पद्धतीत एकूण ७८ ग्रेचा डोस ३९ सिटिंगमध्ये, म्हणजे जवळजवळ आठ आठवड्यांत विभागून दिला जाई. पुढे ब्रिटनमधल्या 'चिप' या अभ्यासात ३२०० हून अधिक पुरुषांवर असे दिसले की २० सिटिंगमध्ये दिलेला ६० ग्रेचा डोस ३७ सिटिंगच्या तुलनेत उणा पडत नाही. त्यापुढची पायरी म्हणजे 'पेस-बी' हा अभ्यास. त्यात कमी आणि मध्यम जोखमीच्या (ही जोखीम मुख्यतः पीएसए, ग्लीसन आणि रोगाचा विस्तार यांवरून ठरवतात) ८७४ पुरुषांपैकी निम्म्यांना ५ सिटिंगमध्ये ३६.२५ ग्रे आणि बाकीच्यांना २० किंवा ३९ सिटिंगचा नेहमीचा उपचार देण्यात आला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पाच वर्षांनंतर रोग पुन्हा न उद्भवलेल्या पुरुषांचे प्रमाण पाच सिटिंगच्या गटात ९५.८ टक्के आणि नेहमीच्या गटात ९४.६ टक्के होते.

३६ ग्रे हे ७८ च्या निम्म्याहूनही कमी आहेत, मग परिणाम सारखा कसा? येथे प्रोस्टेटच्या कर्करोगाचा एक विशेष स्वभाव आडवा येतो. लहान लहान डोस पचवण्यात या पेशी तरबेज असतात. एका वेळचा डोस मोठा असला, की मात्र त्यांना तो प्रमाणाबाहेर लागतो. उसाच्या फडातली हरळी वरवर खुरपत राहिले तर किती वेळा तरी फुटते, आणि कुदळीने खोल खणून काढली तर थोड्या घावांत आवरते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. मोठा घाव घालायचा तर तो नेमका बसला पाहिजे, अन्यथा शेजारच्या उसाचे बुड तुटायचे. म्हणूनच आधीच्या अचूकतेशिवाय पाच सिटिंगचा विचारही शक्य नव्हता.

हे फुकट मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. 'पेस-बी'मध्ये पाच वर्षांच्या काळात कधी ना कधी लघवीचा मध्यम किंवा अधिक त्रास झालेल्यांचे प्रमाण पाच सिटिंगच्या गटात सुमारे २७ टक्के होते, तर नेहमीच्या गटात १८ टक्के. शौचाच्या तक्रारींत फारसा फरक नव्हता. ज्याला आधीपासूनच लघवी अडून अडून होते, त्याने ही बाब डॉक्टरांशी बोलून घ्यावी.

तरीही सीमाभागातल्या माणसासाठी ३९ आणि ५ यांतला फरक केवळ वैद्यकीय नाही. कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसाने पावसाळ्यात परिवहनची बस धरून बेळगावला, किंवा निपाणी-चिकोडीकडच्याने मिरज, कोल्हापूरला आठवड्यातून पाच दिवस आठ आठवडे यायचे, सोबत घरातले कोणीतरी हवे, त्याची रोजंदारी बुडायची. अशा परिस्थितीत उपचार मध्येच सोडणारी माणसे मी पाहिली आहेत. अर्धवट राहतो तो खरे तर असा उपचार.

गाठीवर जादा मार

रोग ग्रंथीतच परतला, तर तो बहुधा मूळच्या मुख्य गाठीच्या जागीच परततो. मग एमआरआयवर दिसणाऱ्या त्या गाठीलाच जास्त डोस का देऊ नये? नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या 'फ्लेम' या अभ्यासात ५७१ पुरुषांवर हे करून पाहिले. सगळ्या ग्रंथीला ७७ ग्रे, आणि एका गटात गाठीला ९५ ग्रेपर्यंत. शेजारच्या अवयवांची मर्यादा आधी पाळायची आणि त्यात बसेल तेवढेच गाठीला वाढवायचे, असा नियम होता. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ८५ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेले आणि त्रासात लक्षणीय वाढ झाली नाही. मृत्यूच्या प्रमाणात मात्र तोवर फरक दिसला नव्हता.

यावरून निशाणा जितका लहान तितका उपचार चांगला, असा समज कोणी करून घेऊ नये. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालेल्या एका अभ्यासाने नेमके उलटे टोक दाखवले आहे. तिथे जास्त जोखमीच्या २२४ पुरुषांपैकी काहींना फक्त प्रोस्टेटवर आणि काहींना ओटीपोटातल्या लसिका गाठींसह (लिम्फ नोड, ज्यांतून रोग पसरू शकतो) किरण दिले. पाच वर्षांनी पीएसए न वाढलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८१ टक्के, तर दुसऱ्या गटात ९५ टक्के होते. रोग कुठवर पसरला असण्याचा संभव आहे, यावर निशाण्याचा आकार ठरतो. जास्त जोखमीच्या रुग्णांना पुरुषी संप्रेरक दाबणारी इंजेक्शनेही दीड ते तीन वर्षे घ्यावी लागतात, आणि तिथे केवळ पाच सिटिंगवर सगळे भागेल असे मानता येत नाही.

"काढूनच टाकलेलं बरं ना?"

हा प्रश्न मामींचा. रोग झालेला अवयव शरीरात ठेवायचा कशाला, या भावनेला तर्काने उत्तर देणे अवघड असते, पण आकडे आहेत. ब्रिटनमध्ये १६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटण्यात आले. एका गटावर शस्त्रक्रिया, दुसऱ्यावर किरणोपचार आणि तिसऱ्यावर केवळ लक्ष ठेवणे. 'प्रोटेक्ट' नावाच्या या अभ्यासाचे पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. प्रोस्टेटच्या कर्करोगाने मृत्यू पावलेले पुरुष शस्त्रक्रियेच्या गटात २.२ टक्के, किरणोपचाराच्या गटात २.९ टक्के आणि नुसते लक्ष ठेवलेल्या गटात ३.१ टक्के होते. हा फरक नगण्य मानला जातो. रोग इतरत्र पसरण्याचे प्रमाण मात्र लक्ष ठेवलेल्या गटात ९.४ टक्के, म्हणजे इतर दोन गटांच्या जवळपास दुप्पट होते, आणि त्या गटातल्या सुमारे ६१ टक्के पुरुषांनी पुढे कधीतरी उपचार घेतलाच. तरीही त्याच गटातले सुमारे चौथा हिस्सा पुरुष पंधरा वर्षांनंतर कोणताही उपचार न घेता जिवंत होते. म्हणूनच कमी जोखमीच्या रोगात आज डॉक्टर पुष्कळदा काहीच न करण्याचा, फक्त ठरावीक काळाने तपासण्याचा सल्ला देतात. "डॉक्टर काही करत नाहीत" अशी तक्रार करत दुसऱ्या दवाखान्याच्या पायऱ्या चढण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

मरणाचा हिशेब सारखा निघाला, की उरतो तो जगण्याचा हिशेब, आणि तिथे वाटा वेगळ्या होतात. त्याच अभ्यासात बारा वर्षांनी लघवी गळण्यामुळे पॅड वापरावे लागणारे पुरुष शस्त्रक्रियेच्या गटात २४ टक्के होते, तर किरणोपचाराच्या गटात ८ टक्के. उलट शौचावरचा ताबा सुटण्याची तक्रार किरणोपचाराच्या गटात १२ टक्के आणि इतर दोन्ही गटांत ६ टक्के होती. लैंगिक क्षमता तिन्ही गटांत वयाबरोबर घटली, पण शस्त्रक्रियेनंतर ती सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त घटली. सात वर्षांनी समाधानकारक ताठरता उरलेले पुरुष शस्त्रक्रियेच्या गटात १८ टक्के आणि किरणोपचाराच्या गटात २७ टक्के होते. आपल्याकडे सत्तरीच्या माणसाला हा विषय विचारणे डॉक्टरांनाही संकोचाचे वाटते आणि रुग्ण स्वतःहून बोलत नाही. त्याने बोलावे, शक्य असल्यास पत्नीसह.

हा अभ्यास जवळजवळ पूर्णपणे गोऱ्या पुरुषांवर, आणि किरणोपचाराच्या आजच्याहून जुन्या तंत्राने झालेला आहे, ही त्याची मर्यादा आहे. किरणोपचाराविरुद्ध दोन रास्त मुद्दे आणखी आहेत. शस्त्रक्रियेनंतर रोग परतला तर किरण देता येतात, पण किरणांनंतर रोग परतला तर शस्त्रक्रिया बरीच अवघड होते. शिवाय बऱ्याच वर्षांनी मूत्राशय किंवा गुदाशयात नवा कर्करोग उद्भवण्याचा धोका किंचित वाढतो. पंचेचाळीस-पन्नाशीतल्या माणसाने या दोन्ही गोष्टींना जास्त वजन द्यावे; एकाहत्तरीतल्या मामांनी दिले नाही.

नातवाला जवळ घ्यावे का?

अवश्य घ्यावे. यंत्र बंद झाले की किरण संपतात. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही तसेच हे आहे. ताट-वाटी वेगळी करण्याचीही गरज नाही. ग्रंथीत किरणोत्सारी कण कायमचे बसवण्याची एक निराळी पद्धत आहे आणि तिच्यात काही काळ लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यापासून अंतर ठेवायला सांगतात. बाहेरून दिलेल्या किरणांशी तिचा संबंध नाही.

खर्चाची वाट

दारिद्र्यरेषेखालचे कार्ड असलेल्या कुटुंबाला आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, मात्र त्यासाठी बहुधा आधी सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते. महाराष्ट्र शासनानेही २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आपली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला होता. पाच सिटिंगची पद्धत योजनेच्या कोणत्या दरात बसते, हे मात्र रुग्णालयाच्या योजना कक्षात आधीच विचारावे, नंतर नव्हे. योजनेचे कागद कन्नडमध्ये आणि अहवाल इंग्रजीत येतात, हे आपल्याकडचे नेहमीचे दुखणे. दोन्ही वाचू शकणारे कोणीतरी सोबत न्यावे.

आकडा पुन्हा चढला तर

मामांचा पीएसए सहा महिन्यांत ८.६ वरून १.१ वर आणि मग ०.४ वर आला. त्यानंतरच्या तपासणीत तो ०.९ निघाला आणि घरात पुन्हा सुतक पडल्यासारखे झाले. किरणोपचारानंतर असा तात्पुरता उसळलेला आकडा पुष्कळ पुरुषांमध्ये, बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत दिसतो आणि आपोआप खाली येतो. रोग परतला असे मानण्याची सर्वमान्य कसोटी म्हणजे सर्वांत खालच्या आकड्यात २ मिळवायचे आणि त्याच्या वर पीएसए गेला तर पुढची तपासणी करायची.

मामांनी ऐकून घेतले, चष्मा लावला आणि साखर कारखान्याच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर पट्टीने एक आडवी रेघ ओढली. रेघेशेजारी त्यांनी, ड्रॉइंगवर लिहीत त्याच वळणाने, 'वरची लिमिट २.४' असे लिहिले आणि खाली चारही आकडे तारखांसह मांडले. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. त्या तारखेची चौकट त्यांनी रिकामी ठेवली आहे.